कुंभाआधी सहा खोल्या बांधाव्यात का? पर्यटनाचा पैसा गावात किती उरतो, त्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळ गिरणारे शिवारात तीन एकर जमीन, त्यात दीड एकर द्राक्षबाग. घरात दोघे भाऊ. नाशिकला पर्यटक वाढताहेत, वायनरीच्या रस्त्यावर शनिवारी गाड्यांची रांग लागते, वर २०२७ चा सिंहस्थ आहे. तेव्हा कर्ज काढून सहा खोल्यांचे कृषी पर्यटन केंद्र उभे करावे का? आणि पर्यटनामुळे गावाची भरभराट होते म्हणतात, ते कितपत खरे?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे बघू, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. गर्दी म्हणजे उत्पन्न नव्हे. गावाला पैसा देणाऱ्या गोष्टी दोनच: पाहुणा किती रात्री थांबला आणि त्याने दिलेल्या रुपयातले किती पैसे शिवाराबाहेर न जाता गावात फिरले. रांगेतल्या गाड्या मोजून धंद्याचा अंदाज बांधणारे इथेच फसतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या सकाळी ठाणे-मुंबईहून निघालेल्या असतात, दुपारी वायनरीत जेवतात आणि रात्री दहाला घरी पोचतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्याने नाशिक मुंबईला आणखी जवळ आले, आणि जवळ आले की मुक्काम कमी होतो. रस्ता सुधारला म्हणून पाहुणे वाढतील हे खरे, पण रात्री वाढतीलच असे नाही. उलट विदर्भ-मराठवाड्याकडून येणारा पाहुणा लांबचा असल्याने थांबतो. जाहिरात करायचीच तर आधी त्या दिशेला करा.

त्र्यंबकेश्वरकडे बघा, म्हणजे मुद्दा पटेल. गाव केवढेसे, पण धंदा बारमाही. ज्योतिर्लिंग आहे म्हणून, हे अर्धेच उत्तर. नारायण नागबली हा पितरांच्या शांतीसाठीचा विधी तीन दिवसांचा असतो आणि तो मुहूर्तावर होतो, शनिवार-रविवार बघून होत नाही. यजमानाचे कुटुंब दोन-तीन रात्री राहते, दोन्ही वेळ जेवते, साहित्य, वस्त्रे, दक्षिणा सगळे तिथेच खर्च करते. पितृपक्षात बाकीचा पर्यटन धंदा थंड असतो, तेव्हा त्र्यंबकला खोली मिळत नाही. याउलट पंचवटीत शिर्डी-त्र्यंबक करणारी बस दोन तास थांबते: रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा, एक चहा, चिवड्याची पिशवी, की चालली. माणसे पंचवटीत कितीतरी जास्त, पण माणशी खर्च त्र्यंबकपेक्षा फारच कमी. नाशिकच्या पर्यटनाचे सगळे अर्थकारण या दोन गावांच्या तुलनेत दिसते.

वायनऱ्यांकडूनही एक क्रम शिकण्यासारखा आहे. सुला १९९९-२००० च्या सुमारास सुरू झाली, तेव्हा तिथे होती ती बाग आणि वाइन. चव घेण्याची खोली २००५ मध्ये आली. मुक्कामाची सोय त्यानंतर. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने करात सवलत दिली, २०१० मध्ये नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळाले, मग एकेक करून बाकीचे आले. म्हणजे आधी पीक, मग चव, मग जेवण आणि सर्वांत शेवटी खोली. आपल्याकडचा शेतकरी नेमका उलटा जातो. आधी कर्ज काढून खोल्या बांधतो आणि मग पाहुण्याला दाखवायचे काय, हे शोधत बसतो.

आता सहा खोल्यांचा हिशेब. खालचे दर समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गवंड्याचे आणि तुमच्या बँकेचे आकडे घालून तो पुन्हा करा, पण पद्धत हीच ठेवा.

खोली, न्हाणीघर आणि पुढची पडवी मिळून ३०० चौरस फूट, म्हणजे सहाचे १,८००. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा ५००. एकूण २,३०० चौरस फूट, १,९०० रुपये दराने ४३.७ लाख. पलंग, गाद्या, गिझर, पंखे, चादरींचे तीन संच असे धरून खोलीमागे सव्वा लाख, म्हणजे साडेसात लाख. पाणी, सेप्टिक टाकी, कुंपण, आतला रस्ता, इन्व्हर्टर सहा लाख. एकूण ५७ लाख. घरचे १७ लाख, कर्ज ४० लाख.

उत्पन्न मोजताना ‘साठ टक्के खोल्या भरतील’ असे वरून धरू नका. रात्री एकेक करून मोजा. वर्षात शनिवार ५२. त्यातले ३६ चांगले, प्रत्येकी पाच खोल्या भरतील: १८०. उरलेले १६ मंदीचे, दोन खोल्या: ३२. चांगल्या ३६ आठवड्यांचे शुक्रवार, दोन खोल्या: ७२. दिवाळी, नाताळ, जोडून आलेल्या सुट्या मिळून १५ रात्री, साडेपाच खोल्यांच्या सरासरीने: ८२. उरल्या २६२ रात्री. त्यात रोज एक खोलीही भरत नाही. पाच रात्रींत दोन खोल्या धरल्या तर १०५. बेरीज साधारण ४७०. उपलब्ध २,१९० पैकी फक्त साडेएकवीस टक्के. हा आकडा बघून दचकू नका. शनिवारवर चालणाऱ्या गावाचा हिशेब असाच येतो.

खोलीला नाश्त्यासह ३,००० रुपये धरले तर १४.१ लाख. खोलीत सरासरी अडीच माणसे आणि माणशी ५०० रुपयांचे जेवण धरले तर ५.९ लाख. उलाढाल २० लाख.

खर्च: निम्मे बुकिंग संकेतस्थळांवरून आले आणि कमिशन २० टक्के असले तर १.४ लाख. किराणा, भाजी, दूध ३ लाख. जागेवर राहणारे जोडपे महिना २२,०००, आचारी १५,०००, शनिवार-रविवारी हाताखाली दोन बायका, मिळून वर्षाला ५.४ लाख. वीज १.२ लाख. चादरी-टॉवेल धुलाई ५५ हजार. रंग, नळ, गळती-दुरुस्ती एक लाख. गॅस, इंटरनेट, साबण-फिनेल ८० हजार. बेरीज १३.४ लाख. उरले ६.६ लाख.

४० लाखांच्या कर्जाचा ११ टक्के दराने, दहा वर्षांचा हप्ता महिना ५५,१०० येतो. वर्षाचे ६.६ लाख. म्हणजे हातात शून्य. दोघा भावांची वर्षभराची मेहनत, बागेकडे झालेले दुर्लक्ष, वहिनींचे राबणे, कशाचाच मोबदला नाही, आणि एखादा पावसाळा वाईट गेला की द्राक्षाच्या पैशातून हप्ता.

तेच १७ लाख घरचे घालून तीन खोल्या बांधल्या तर? १,२०० चौरस फूट बांधकाम २२.८ लाख, सामान पावणेचार, बाकी साडेचार. एकूण ३१ लाख, कर्ज १४ लाख. खोल्या निम्म्या झाल्या म्हणून रात्री निम्म्या होत नाहीत, कारण चांगल्या शनिवारी तिन्ही भरतात. त्याच पद्धतीने मोजल्या, पण मधल्या वारच्या रात्री निम्म्याच धरल्या, तर ३१० रात्री येतात, उलाढाल १३.२ लाख. आचारी लागत नाही, घरचा स्वयंपाक पुरतो, कमिशनचा वाटाही एक तृतीयांशावर ठेवता येतो. खर्च आठ लाखांच्या आत बसतो. सव्वापाच लाखांतून २.३ लाखांचा हप्ता गेला तरी वर्षाला २.९ लाख हातात उरतात. गुंतवलेले स्वतःचे पैसे दोन्हीकडे सारखेच. फरक केला तो कर्जाने आणि मधल्या वारच्या रिकाम्या खोल्यांनी.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर: सहा नको. तीनही लगेच नको.

आधी दिवसाची सहल. तिला खोली लागत नाही आणि ती मधल्या वारी येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शाळांच्या सहलींचा हंगाम असतो आणि शाळांना मंगळवार ते शुक्रवारच हवा असतो. ६० मुले, प्रत्येकी ४५० रुपये, सकाळी दहा ते चार. नाश्ता-जेवण १३० रुपये, बैलगाडी, मदतनीस वगैरे ६० रुपये. एका सहलीत १५,६०० उरतात. वर्षात वीस सहली मिळाल्या तर तीन लाखांच्या वर, म्हणजे तीन खोल्यांपेक्षा थोडे जास्तच. पहिल्या वर्षी वीस मिळणार नाहीत, आठ धरा. भांडवल किती? ८०० चौरस फुटांची पत्र्याची किंवा कौलारू शेड, सहा स्वच्छतागृहे, हात धुण्याची रांग, भांडी. नऊ-दहा लाखांत बसते. शेडही पुढे खोल्यांच्या पाहुण्यांची जेवणाची जागा होते, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

सहलीत मुलांना काय करू द्यायचे, हे आधी ठरवा. नुसती बैलगाडी आणि झोका एकदाच चालतो. शिक्षक पुढच्या वर्षी दुसरीकडे जातात. रोप लावणे, ठिबकची नळी स्वतः जोडून पाणी सोडणे, गांडूळखताचा बेड उकरून बघणे, चुलीवर नागलीची भाकरी थापणे, असे हाताने करायचे चार टप्पे ठेवा. पंधरा-पंधराचे गट पाडा, म्हणजे गोंधळ होत नाही.

या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी शेततळ्याची घ्या. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला की मोठा पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही, पाय घसरतच राहतात. पाच फुटी जाळीचे कुंपण, कुलूप लावलेले फाटक, चारही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडलेले गाठी मारलेले दोर आणि दोन हवा भरलेल्या ट्यूब, एवढे नसेल तर एकही मूल शिवारात येऊ देऊ नका. विहिरीला कठडा आणि वर लोखंडी जाळी. सार्वजनिक दायित्वाचा विमा काढा. हप्ता फार नसतो आणि चांगल्या शाळा हल्ली त्याची प्रत मागतात.

आता बागेविषयी, कारण पर्यटक आणि द्राक्षे एकत्र नांदत नाहीत, हे फार थोडे लोक आधी सांगतात. ऑक्टोबर छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग होते, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून ते रसायन काड्यांना लावतात. ते विषारी आहे, त्या दिवसांत बागेत पाहुणा नको म्हणजे नकोच. नंतर फवारण्या सुरू होतात. प्रत्येक औषधाला फवारणी ते काढणी असे ठरलेले अंतर असते, आणि मूल मात्र घड दिसला की तोडून तोंडात घालते. माल निर्यातीचा असेल तर आणखी एक. मण्यावरची नैसर्गिक पांढरी पावडर बोट लागले की पुसली जाते आणि असा घड पॅकहाऊसमध्ये बाजूला पडतो. शंभर माणसे ओळींतून फिरली तर किती घड हाताळले गेले, याचा हिशेब नंतर व्यापारी तुम्हाला ऐकवतो.

यावर उपाय सोपा आहे: तीन गुंठे पाहुण्यांसाठी वेगळे तोडा. मधे बांबूचे कुंपण किंवा दाट गवताची पट्टी, वेगळे प्रवेशद्वार, वेगळी फवारणी-नोंदवही, आणि औषधांचे वेळापत्रक असे की जानेवारीच्या मध्यापासून तो तुकडा खाण्यास सुरक्षित असेल. एकरी दहा टन धरले तर तीन गुंठ्यांत ७५० किलो माल. पाहुण्याने स्वतः कात्रीने तोडून घेतलेले द्राक्ष १२० रुपये किलोने जाते आणि बागेवर व्यापाऱ्याला ५० रुपयाने, असे धरा. ५२ हजारांची वाढ, तीही दीड एकरापैकी फक्त तीन गुंठ्यांत. कुटुंबामागे तीन किलो धरले तर हा माल संपवायला अडीचशे कुटुंबे लागतात, म्हणजे दोन महिन्यांच्या शनिवार-रविवारी रोज पंधरा-सोळा. हे जमण्यासारखे आहे. पाच गुंठे ठेवलेत तर माल वेलीवरच बेदाणा होईल.

मजुरांचाही विचार करा. विरळणी आणि डिपिंगची (घड द्रावणात बुडवण्याची) घाई असते नोव्हेंबर-डिसेंबरला. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून येणाऱ्या टोळ्या तेव्हाच हव्या असतात आणि रिसॉर्टवाल्यांनाही नाताळसाठी माणसे तेव्हाच हवी असतात. गिरणाऱ्याच्या मजूर नाक्यावर हा ताण भावात दिसतो. पर्यटनाने मजुरी वाढते हे मजुरांसाठी चांगलेच आहे, आणि ते तसे व्हायलाही हवे. पण ज्याच्याकडे बाग आणि खोल्या दोन्ही आहेत, त्याने वाढलेली मजुरी दोन्ही हिशेबांत धरली पाहिजे. जमिनीच्या भावाचेही तसेच. रस्त्यालगत एक रिसॉर्ट झाले की शेजारच्या गुंठ्याचा भाव शेती उत्पन्नाशी नाते सोडतो. विकणाऱ्याला एकदाच मोठी रक्कम मिळते. शेती करू इच्छिणाऱ्या पुढच्या माणसाला जमीन कायमची महाग होते. भाऊ-बहिणींच्या वाटण्याही त्यानंतरच उकरल्या जातात. म्हणून खोलीची पहिली वीट ठेवण्याआधी सातबाऱ्यावरच्या सर्व हिस्सेदारांची, बहिणी धरून, लेखी संमती घ्या.

गावात किती पैसा उरतो, याचाही एक नमुना हिशेब देतो. चार जणांचे कुटुंब एका मुक्कामाला १२,००० खर्च करते. ३,००० डिझेल-टोल, ३,५०० वायनरी आणि वाटेतली हॉटेले, उरलेले ५,५०० तुमच्याकडे: खोली ३,०००, जेवण २,०००, द्राक्षे ५००. त्या साडेपाच हजारांतून कमिशन ६००, तेल-मसाले-गॅस-पाकिटबंद माल ९००, वीज-साबण-धुलाई ५००. सहा खोल्यांवाल्याचा हप्ता ४७० रात्रींवर पसरला तर एका रात्रीमागे १,४००. गावात राहिले २,१००. बारा हजारांतले दोन हजार शंभर! तेही मजुरी, दूध, भाजी आणि तुमचा नफा सगळे मिळून.

ही गळती थांबवण्याचे मार्ग ठरलेले आहेत आणि मोठे कोणतेच नाहीत. कर्ज कमी ठेवणे हा पहिला. कमिशन दुसरा: पहिल्यांदा संकेतस्थळावरून आलेला पाहुणा दुसऱ्यांदा थेट फोनवर आला पाहिजे. निघताना त्याचा नंबर परवानगीने घ्या, जानेवारीत द्राक्षे सुरू झाली की आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की एकेक निरोप पाठवा. वर्षातून चारच, रोज शुभ सकाळ नको. तिसरा, ताटातला माल: दूध शेजारचे, तांदूळ इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातला, नागलीचे पापड आणि मसाला गावच्या बचत गटाचा. धुलाईचे कामही बचत गटाला देता येते. एक चांगले यंत्र आणि वाळवायची जागा लागते. पाण्याच्या बाटल्यांऐवजी गाळणी आणि तांब्याचे लोटे ठेवा. तांबट आळीतले लोटे पाहुणे जाताना विकतही मागतात.

कागदपत्रांकडे वळू. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० चे आहे. त्यात किमान एक एकर शेती लागते, तुमच्याकडे तीन आहेत. नोंदणी पर्यटन संचालनालयाच्या नाशिक प्रादेशिक कार्यालयात. नोंदणीचे प्रमाणपत्र बँकेत उपयोगी पडते, पण ते म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, आणि बरेच जण इथेच अडकतात. तुमचा गट क्रमांक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो का, नदी-धरणाच्या निळ्या किंवा लाल पूररेषेत येतो का, रस्ता रुंदीकरणाच्या आखणीत येतो का, हे तिन्ही कार्यालयांतून लेखी घ्या. तोंडी ‘काही होत नाही हो’ यावर बांधलेली पडवी रुंदीकरणात पहिली जाते.

जेवण देणार म्हणजे अन्न परवाना किंवा लहान उलाढालीसाठीची नोंदणी हवी. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. वायनरी शेजारी आहे म्हणून पाहुण्याला वाइन विकू नका, उत्पादन शुल्काच्या परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

कराचे: खोल्यांचे उत्पन्न हे शेती उत्पन्न नाही, त्यावर आयकर लागतो. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढाल आहे. वरच्या सहा खोल्यांच्या हिशेबात आपण नेमके त्या रेषेवर पोचलो होतो, तीन खोल्या आरामात खाली राहतात. शेतमालाची विक्री त्याच पॅनवर असेल तर एकूण उलाढाल कशी मोजायची, हे सी.ए.कडून लेखी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यात खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. तुमची नोंदणी नसली तरी संकेतस्थळावरून आलेल्या बुकिंगवरचा कर संकेतस्थळच भरते. पाहुण्याच्या पावतीवर कर दिसतो आणि तो तुम्हाला विचारतो, म्हणून माहीत असू द्या.

वीज हा न दिसणारा खड्डा आहे. शेतीपंपाच्या जोडणीवर खोल्या चालवणे म्हणजे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर; सापडल्यावर दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) आठच तास वीज असते, कधी दिवसा, कधी रात्री. पाहुणा संध्याकाळी सातला आला आणि वीज रात्री बाराला येणार, असे झाले की त्या एका पाहुण्याचा शेरा वर्षभर तुमच्या नावापुढे राहतो. जोडणी गावठाण फीडरवरूनच मागा. खांब किती टाकावे लागतील, त्याचा अंदाज अर्ज करतानाच घ्या. कधी कधी जागेची निवडच त्यावर ठरते. पाणी तापवायला छतावरचे सौर हीटर बसवा, पण बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतो, दर वर्षी साफसफाई लागते.

सांडपाण्याचा हिशेब माणशी रोज १३५ लिटरने करा. तीन खोल्या आणि मदतनीस मिळून दहा माणसे, म्हणजे १,३५० लिटर. काळ्या जमिनीत शोषखड्डा पावसाळ्यात भरून वर येतो, कारण ओली काळी माती पाणी पीतच नाही. मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर सेप्टिक टाकीनंतर खडी-वाळूचा उथळ वाफा करून त्यात कर्दळ लावा आणि पुढे ते पाणी झाडांना द्या. विहीर त्याच्यापासून शक्य तितकी दूर आणि वरच्या बाजूला असावी.

आणि कुंभ. जाहीर झालेल्या तारखा अशा आहेत: ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६, अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७, त्र्यंबकला तिसरे १२ सप्टेंबरला. तिन्ही पर्वण्या पावसाळ्यात. गिरणाऱ्यासारख्या भागात तेव्हा चिखल असतो आणि पर्वणीच्या आदल्या दिवसापासून शहराच्या वेशीवर गाड्या अडवल्या जातात. २०१५ मध्ये २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की भाविकांना मैलोन्‌मैल पायपीट करावी लागली, आणि गर्दीसाठी माल भरून ठेवलेल्या व्यापाऱ्यांचा माल पडून राहिला. तुमच्या खोलीत उतरलेला पाहुणा रामकुंडावर कसा जाणार आणि परत कसा येणार, याचे उत्तर तुमच्या हातात नाही. तीन पर्वण्या, पुढेमागे दोन-दोन रात्री धरल्या तरी पंधरा रात्री. सहा खोल्या तिप्पट दराने भरल्या तरी आठ लाख, तेही एकदाच. आणि त्यानंतर पुढची बारा वर्षे तुमच्या सहा खोल्या असतीलच, शिवाय त्याच आशेने बांधलेल्या इतरांच्याही असतील. कुंभानंतर दर पडतात ते यामुळे.

कुंभातून कमवायचेच असेल तर वेगळ्या वाटा आहेत. आधीची वर्ष-दीड वर्षे रस्ते, घाट, पूल यांची कामे चालतात. अभियंते आणि पर्यवेक्षकांना महिन्याच्या भाड्याने स्वच्छ खोली आणि डबा हवा असतो, तोही सोमवार ते शुक्रवार. हा पाहुणा रात्री मोजणाऱ्याच्या दृष्टीने सोन्यासारखा. बांधकामच करायचे ठरले तर एक जुनी खोली सुधारून अशांसाठी आधी वापरून बघा. दुसरी वाट पुरवठ्याची: मेळ्यात अन्नछत्रे आणि आखाड्यांना भाजी, दूध, सरपण, पत्रावळी लागतात. भाजीचे पीक जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टभर काढणीला येईल असे बसवा, आणि सौदा आधी ठरवा. उघड्या पावसात टोमॅटो सडतो. वेलवर्गीय भाज्या मांडवावर घ्या.

झाडे तोडू नका. कुंभासाठी तोडायच्या तपोवनातल्या झाडांवरून २०२५ च्या अखेरीस नाशिक शहर रस्त्यावर उतरले, ते उगाच नाही. पाहुणा मुंबईहून खोली बघायला येत नाही, खोली त्याच्याकडे आहे. बांधावरचा आंबा, चिंच, जांभूळ नकाशावर आधी काढा आणि त्यांच्या मधे बांधकाम बसवा. मे महिन्यात त्या सावलीतले तापमान आणि पत्र्याच्या शेडखालचे तापमान एकदा मोजा, शेड कुठे हवी ते लगेच कळेल.

आता क्रम. या पावसाळ्यात काही बांधू नका. गट क्रमांकाचे तिन्ही लेखी दाखले मिळवा, विजेचा अर्ज टाका, पाण्याची तपासणी करून घ्या. तीन गुंठ्यांचा तुकडा छाटणीच्या आधी वेगळा आखा. दसऱ्याला शेड आणि स्वच्छतागृहांचे काम काढा, दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडताच पंधरा-वीस शाळांना प्रत्यक्ष भेटा. फोनवर काम होत नाही, सहल ठरवणारे शिक्षक जागा बघायलाच येतात. पहिल्या हंगामात प्रत्येक येणाऱ्याला दोनच गोष्टी विचारून वहीत लिहा: कुठून आलात, आणि रात्री राहायची सोय असती तर कोणत्या वारी राहिला असता. मार्चअखेर त्या वहीत मधल्या वारांची किती नावे आहेत ती मोजा. चाळीसच्या वर असतील तर दोन खोल्यांचा पाया घ्या, तिसरीची जागा आखून ठेवा.